मशीनिंगनंतर चेन ढिली झाली? ‘एक कडी काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध

इंजिन मशीन शॉपमधून परत येतं, बांधलं जातं आणि सकाळच्या पहिल्याच स्टार्टला पुढच्या कव्हरमधून टायमिंग चेनची खडखड ऐकू येते, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) जिच्याने कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो त्या चेनची. मग ठरलेलं वाक्य येतं: ‘ब्लॉकचं काम झालंय, चेन ढिली होणारच. एक कडी काढून देतो.’ यातला पहिला भाग कधीकधी खरा असतो, म्हणूनच गिऱ्हाईक फसतं. दुसरा भाग मात्र शुद्ध थाप आहे.

हिशोब करून बघा. लाइन बोरिंगमध्ये, म्हणजे क्रँक बसतो ती भोकं एका रेषेत पुन्हा कापताना, मेन बेअरिंग कॅपचे (क्रँक खालून धरणाऱ्या टोप्यांचे) जोड-पृष्ठभाग किंचित घासतात, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळतात आणि भोक पुन्हा मूळ मापाला आणतात. यात क्रँकचा मध्य थोडा वर, म्हणजे कॅमच्या दिशेला सरकतो. समजा ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१२७ मिमी सरकला. चेनच्या दोन्ही बाजू तेवढ्याच सैल होतात, म्हणजे एकूण पाव मिलिमीटर. आता कडीचं माप घ्या. चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आलटूनपालटून येते, त्यामुळे काढायची तर जोडीच काढावी लागते. ९.५२५ मिमी पिचच्या (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) चेनमध्ये ती जोडी १९.०५ मिमी भरते. पाव मिलिमीटरसाठी एकोणीस मिलिमीटर कापलेली चेन स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) चढणारच नाही. म्हणजे बिलात ‘चेन आखूड केली’ असं असेल, तर केलेलं काहीच नाही. कड्या मोजा, नव्या चेनइतक्याच भरतील.

कोणत्या कामाने चेन ढिली होऊ शकते, हे माहीत असलं की निम्मी फसवणूक तिथेच थांबते. सिलिंडर बोअर केल्याने क्रँकही हलत नाही आणि कॅमही नाही. कॅम ब्लॉकमध्येच असेल, पुशरॉडचं इंजिन असेल, तर ब्लॉकचं किंवा हेडचं फेसिंग (जोडाची सपाट बाजू घासून सरळ करणं) करूनही चेनला फरक पडत नाही. तिथे फक्त लाइन बोरिंग किंवा लाइन होनिंगचाच (तीच भोकं बारीक घासून मापात आणण्याचा) परिणाम होतो. कॅम हेडमध्ये असेल तर उलट: फेसिंगमध्ये ब्लॉक आणि हेड मिळून जेवढं घासलं, तेवढा कॅम क्रँकजवळ येतो. पुशरॉडच्या इंजिनात ‘फेसिंगमुळे चेन सैल झाली’ असं कोणी सांगत असेल, तर बहुधा जुनीच चेन परत बसवलेली असते.

डोळ्यांना दिसणारा झोळही फसवतो. क्रँक-कॅम अंतर ११५ मिमीच्या आसपास असेल आणि पाव मिलिमीटर ढिलाई एकाच बाजूला आली, तर मध्यभागी बोटाने दाबल्यावर चेन जवळजवळ ४ मिमी आत जाते. माणूस घाबरतो आणि ‘पूर्ण किट बदला’ला हो म्हणतो. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) नसलेल्या अशा इंजिनांसाठी काही ठिकाणी ५ किंवा १० थाऊ कमी अंतराचे चेन-स्प्रॉकेट सेट मिळतात, खरा उपाय तोच. पण खोक्यावर एक आणि आत साधा स्टँडर्ड सेट, हाही प्रकार चालतो. जुन्या स्प्रॉकेटवर नुसती नवी चेन चढवून पूर्ण सेटचं बिल लावणं तर त्याहून सोपं: दात एका अंगाला झिजून आकड्यासारखे झाले असतील तर स्प्रॉकेट जुना.

ओव्हरहेड कॅममध्ये, म्हणजे कॅम हेडमध्ये असलेल्या इंजिनात, सगळ्यात वाईट जुगाड टेन्शनरच्या मागे सापडतो. प्लंजरच्या (टेन्शनरच्या पुढे सरकणाऱ्या दट्ट्याच्या) बुडाशी किंवा स्प्रिंगखाली एक वॉशर सरकवलेला असतो. खडखड लगेच थांबते, गाडी ताब्यात दिली जाते. अशी इंजिनं उघडल्यावर चेन-गाइडच्या (चेन जिच्यावरून घसरते त्या पट्टीच्या) प्लॅस्टिकवर कड्यांचे दोन खोल चरे दिसतात, वॉशरवर प्लंजरच्या काठाची चकचकीत गोल खूण असते आणि ऑइल पंपाच्या जाळीत काळा प्लॅस्टिकचा चुरा अडकलेला असतो. जाळी तुंबली की ऑइल प्रेशर पडतं, आणि हायड्रॉलिक टेन्शनर चालतोच त्या प्रेशरवर. म्हणजे आवाज घालवायला टाकलेला वॉशरच पुढे तो आवाज परत आणतो, आणि त्या वेळी बेअरिंगही धोक्यात असतात.

आवाज गेला म्हणजे काम झालं, असंही नाही. समजा ब्लॉक आणि हेड मिळून अर्धा मिलिमीटर गेला आणि कॅम स्प्रॉकेटची पिच त्रिज्या (मध्यापासून चेनच्या पिनपर्यंतचं अंतर) ५० मिमी आहे. टेन्शनर सैल बाजू ओढून घेतो, पण ताणाची बाजू आखूड झाल्याने कॅम सुमारे ०.५७ अंश मागे राहतो, क्रँकवर १.१५ अंश. टेन्शनर कितीही चांगला असला तरी हे भरून निघत नाही. त्यासाठी जाड हेड गॅस्केट, ऑफसेट की (स्प्रॉकेट किंचित फिरवून बसवणारी चावी) किंवा अ‍ॅडजस्टेबल कॅम स्प्रॉकेट लागतो. डिझेलमध्ये गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून निवडतात, गॅस्केटच्या काठावरच्या खाचा किंवा भोकं ती जाडी सांगतात. मोजल्याशिवाय ‘जाडच टाकली’ म्हणणाऱ्याकडे आकडा मागा.

काम देण्याआधी हेडची जाडी चारही कोपऱ्यांत, डेकची (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूची) उंची आणि पुशरॉड असेल तर क्रँक-कॅम अंतर कागदावर लिहून घ्या, काम झाल्यावर तीच मापं त्याच जागी पुन्हा घ्या. चार कोपऱ्यांत फरक पडला असेल तर हेड तिरकं घासलंय. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या किमान मापाखाली गेलेलं हेड ‘चालेल’ म्हणून घेऊ नका. जुने सुटे भाग परत मागा. काढलेली चेन आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी टांगली की झिजून वाढलेली लांबी आपोआप दिसते, आणि जुनी चेन दाखवायलाच कोणी टाळाटाळ करत असेल तर ती बहुधा अजून इंजिनातच आहे.

कव्हर बसवण्याआधी क्रँक हाताने, चालायच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवायला सांगा. स्प्रॉकेटवरच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. चेनवरच्या रंगीत कड्या मात्र जुळणार नाहीत. त्या फक्त बांधतानाच्या सोयीसाठी असतात आणि खुणांसमोर परत यायला बरेच फेरे लागतात. त्या सरकलेल्या दाखवून ‘टायमिंग चुकलंय, परत उघडावं लागेल’ म्हणत दुसऱ्यांदा मजुरी लावली जाते.