एकच माळ, मधे कुंपण: हिवाळी चराई की उन्हाळी चराई?

नॉर्वे आणि फिनलंडच्या बॉर्डरवर रेनडिअरसाठी लांबच लांब कुंपण आहे, आणि सॅटेलाइट फोटोत ती बॉर्डर चक्क दिसते! नॉर्वेकडे फिकट पांढुरकं, फिनलंडकडे गडद. हा फिकट रंग लायकेनचा, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांचा.

1852 मधे बॉर्डर बंद झाली आणि सामी लोकांचे (तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या मूळ रहिवाशांचे) कळप पूर्वीसारखे इकडून तिकडे जाऊ शकेनात. नॉर्वेतले कळप उन्हाळ्यात समुद्राकडे जातात, त्यामुळे आतल्या माळावर चराई फक्त हिवाळ्यात, फिनलंडच्या बाजूला मात्र बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यातही जनावरं तिथेच.

फरक खाण्यापेक्षा तुडवण्याचा जास्त आहे असं मला वाटतं. कोरडं लायकेन हातात घेतलं की पापडासारखं कुरकुरतं, खुराखाली त्याचा भुगा होतो. हिवाळ्यात वर बर्फ असतो, रेनडिअर खुराने खड्डा करून तेवढंच खातात, बाकीचं वाचतं. आणि हे वाढतं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, म्हणजे एकदा गेलं की परत यायला दहा-वीस वर्षं सहज जातात, कधी त्याहूनही जास्त.

अर्थात हिवाळी चराई केली म्हणजे सगळं आलबेल असंही नाही हं, कळप फार वाढले की नॉर्वेच्या फिनमार्कमधेही लायकेन संपत आलं होतं, 1980 च्या दशकात हेच झालं. तरी निवडायचं झालं तर मी हिवाळीच म्हणेन, पण जनावरं मोजून.