टेलस्टार डायंथसचं बी: रंगाला पैकीच्या पैकी, वासाची आशा धरू नका

बुटका, भरपूर फुलणारा डायंथस (कार्नेशनच्या जवळचं फुलझाड) बियांपासून करायचा असेल तर त्याच्या टेलस्टार या जातीचं मिश्र रंगांचं पाकीट डोळे झाकून घ्या. मी कुंडीतही लावते आणि वाफ्याच्या कडेलाही, आणि दोन्हीकडे तो तितकाच खुलतो. झाड वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या वर जात नाही, काठीचा आधार लागत नाही, आणि एकदा फुलायला लागलं की फुलतच राहतं. गर्द लाल, किरमिजी, गुलाबी, पांढरा, शिवाय पांढऱ्या कडेचे दुरंगी. प्रत्येक पाकळीची कड शिंप्याच्या नागमोडी कात्रीने कापल्यासारखी. माझं मन जडलंय ते दुरंगी फुलांवर. जवळ जाऊन पाहिलं तर मधल्या गडद वर्तुळातून बारीक रेघा पाकळीभर पसरलेल्या दिसतात.

या जातीचा गुण तिच्या घडणीत आहे. चायना पिंक आणि स्वीट विल्यम या दोन वेगळ्या डायंथसचा हा संकर. स्वीट विल्यमचं बी पेरलं तर बहुधा पहिल्या वर्षी नुसती पानं येतात आणि फुलं दुसऱ्या वर्षी. चायना पिंक मात्र पेरल्यावर त्याच हंगामात फुलतो. टेलस्टारला ही घाई चायना पिंककडून मिळाली आणि झुपक्याने फुलायची सवय व काटकपणा स्वीट विल्यमकडून. मुळात डायंथसच्या कुळाला संकराचा जुना इतिहास आहे. 1717च्या सुमाराला लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड या रोपवाटिकावाल्याने कार्नेशन आणि स्वीट विल्यमचा संकर केला. माणसाने मुद्दाम घडवलेल्या पहिल्या संकरित झाडांत तो गणला जातो. हे एवढ्यासाठी सांगितलं, की टेलस्टारची फुलं वाळवून त्यांचं बी धरायच्या फंदात पडू नका. संकरित बियाण्याची पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. दरवेळी नवं पाकीट, हा खर्च धरूनच चाला.

आता तक्रार, आणि ती झाडाबद्दल नाही, पाकिटावरच्या मजकुराबद्दल आहे. मी घेतलेल्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘सुगंधी’ लिहिलं होतं. डायंथसचा तो लवंगेसारखा वास युजेनॉल या सुगंधी द्रव्यामुळे येतो आणि तो खरा कार्नेशनचा आणि ‘पिंक’ नावाच्या जुन्या बहुवर्षायू डायंथसचा. टेलस्टारला वास जवळजवळ नाहीच. वासासाठीच डायंथस लावणाऱ्याची यात सरळ फसवणूक होते, आणि ते मला पटत नाही. त्याच पाकिटावर बी अर्धा इंच खोल पेरा असंही छापलं होतं. बी बघितलं तरी कळेल की हे चूक आहे. काळं, चपटं, मध्ये बारीक टोक असलेलं इवलंसं बी ते, वर अर्धा इंच माती टाकली तर डोकं वर काढणार कसं? चाळलेल्या कोकोपीटचा किंवा वर्मिक्युलाइट या हलक्या, फुगवलेल्या खनिजाचा जेमतेम बी झाकेल इतका थर पुरतो. हवा 18 ते 21 अंशांच्या आसपास असेल तर आठ-दहा दिवसांत ट्रे हिरवा होतो. उगवण उत्तम, यात शंकाच नाही. उगवल्यावर मात्र ट्रे ओलागच्च ठेवू नका, बुरशीने रोपं बुडापाशी कोलमडतात.

पुढे झाड जातं ते बहुतेक वेळा पाण्यानेच. डायंथसला रोज सहा तास तरी ऊन आणि झटकन निचरा होणारी माती हवी, सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला की उत्तम. आंबट मातीत तो खुरटतो. रोप लावताना ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच ठेवायचं, खोड मातीत पुरायचं नाही. पालापाचोळ्याचं आच्छादनही बुंध्याला चिकटू द्यायचं नाही. खालची पानं पिवळी पडून बुंधा तपकिरी, मऊ लागला की समजा मूळ कुजायला लागलंय. असं झाड ओढलं की हातातच येतं. पाणी सकाळी, मुळाशी, आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच. खताचाही मारा नको. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. मी गांडूळखत लावतानाच मिसळते, आणि एक बहर संपला की पातळ द्रवखत देते.

रोपाला चार-पाच जोड्या पानं आली की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. सुकलेलं फूल काढताना नुसत्या पाकळ्या उपटून भागत नाही. फुलाखाली जी हिरवी नळी असते तिच्या आत बीजकोश धरतो, आणि झाडाची सगळी ताकद तिकडे वळते. नळीसकट खालच्या पानांच्या जोडीपर्यंत डेख कापा, त्या पेरातून नवी कळी येते. सगळा बहर एकदम ओसरला तर झाड एक तृतीयांश छाटा, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरतं. मावा आला तर पाण्याचा फवारा आणि निंबोळी अर्क पुरे. कडक उन्हाळ्यात फुलं कमी होतात, ते धरून चालायचं.

उंच दांड्याची, फुलदाणीत ठेवायची फुलं हवी असतील तर हे बी घेऊ नका, कटफ्लॉवरसाठीच्या उंच जाती वेगळ्या मिळतात. कड, कुंडी, खिडकीतली पेटी यांसाठी मात्र पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या ‘सुगंधी’ शब्दापायी कापला. उरलेलं बी पाकिटासकट घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या हंगामातही चांगलं उगवतं.