बोरिवलीतील नर्सरी आणि ज्युनिपर बोन्सायची वार्षिक देखभाल

मुंबईच्या दमट हवेत ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचे बोन्साय वर्षानुवर्षे सांभाळायचे असेल, तर रोप कोठून घेतले यापेक्षा विक्रीनंतर विक्रेता आपल्या पाठीशी उभा राहतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या वस्तीत असलेल्या एका छोट्या नर्सरीकडून मी अनेक वर्षे रोपे आणि वार्षिक देखभालीची सेवा घेत आहे. काही त्रुटी असूनही या कसोटीवर ती पूर्णपणे उतरते, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

दर्शनी फळीवर चकचकीत उथळ ट्रेमध्ये लावलेली, वर पांढरे खडे पसरलेली तयार झाडे मांडलेली असतात. ती मी कोणालाही सुचवणार नाही. त्यांच्या मातीच्या मिश्रणात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फार असतो आणि जुलैच्या झडीत ते दिवसेंदिवस ओलेच राहून मुळे कुजतात. खरा माल मागच्या आवारात आहे. तेथे साध्या प्लास्टिकच्या कुंड्यांत वाढवलेली, फांद्यांना वळण देणारी तार अजून न लावलेली रोपे वयानुसार रांगेत ठेवलेली असतात, आणि मालक बुंध्याभोवतीची माती बोटाने बाजूला सारून मुळांचा फेर स्वतः दाखवतात. लहान रोपे काही शेकड्यांत मिळतात. जाड बुंध्याच्या झाडांना काही हजार मोजावे लागतात आणि ते योग्यच आहे, कारण बुंधा जाड होतो तो जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळे वाढू दिल्यावर. उथळ ट्रेमध्ये गेल्यानंतर ती वाढ जवळजवळ थांबते. कित्येक ठिकाणी मोरपंखी ज्युनिपर म्हणून खपवली जाते, तसे येथे होत नाही. मोरपंखीची डहाळी चपटी असते आणि उभ्या पात्यांत वाढते, तर शिंपाकू या बोन्सायसाठी वापरल्या जाणाऱ्या ज्युनिपरची डहाळी बोटांत फिरवली की दोरीसारखी गोल लागते.

मालकांच्या प्रामाणिकपणाचा अनुभव खरेदीच्या वेळीच येतो. शिंपाकू हे मूळचे जपानच्या डोंगरकड्यांवरचे झाड आहे. त्याचा सर्वांत नावाजलेला प्रकार निगाता प्रांतातील इतोइगावा परिसराच्या नावाने ओळखला जातो. अशा झाडाला थंडीतील विश्रांतीची सवय असते, आणि सांताक्रूझला जानेवारीतही सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास राहत असल्याने ती विश्रांती त्याला येथे मिळत नाही. ही गोष्ट सांगितल्याने विक्री बुडू शकते, तरीही ते सांगतात आणि नवख्या माणसाला जमिनीलगत पसरणाऱ्या, सुईसारख्या पानांच्या ‘प्रोकम्बेन्स नाना’ या ज्युनिपरपासून सुरुवात करायला सुचवतात. झाड घरात दिवाणखान्यात ठेवणार असे कोणी म्हणाले, तर ते ज्युनिपर देतच नाहीत, जेड किंवा वडाच्या जातीतले झाड दाखवतात. ज्युनिपरला उघड्यावरचे ऊन आणि वारा लागतोच. शिवाय त्याचे दुखणे उशिरा कळते. मूळ मेल्यानंतरही पालवी कित्येक आठवडे हिरवी दिसते, फक्त तिचा तजेला जाऊन ती करडी पडू लागते. मालक मला एकदा म्हणाले, “ताई, याचा रंग उतरलेला दिसला ना, की समजायचं, खाली कधीचंच बिनसलंय.”

आता सेवेविषयी. वार्षिक करारात त्यांचा माणूस हिवाळ्यात कुंडीबदल आणि तारकाम, पावसाळ्याआधी छाटणी, आणि पावसाळ्यात तारेची तपासणी यांसाठी घरी येतो. यांतील कुंडीबदल पाहण्यासारखा असतो. ज्युनिपरची मुळे एकाच वेळी सगळी उघडी करायची नसतात, कारण त्यांच्याभोवतीच्या उपयुक्त बुरशीसकट झाडाचा आधार एकदम तुटतो. हा माणूस मातीच्या गड्ड्याचा निम्मा भाग बांबूच्या काडीने मोकळा करून तेथील जुनी माती काढतो, लांब मुळे कापतो आणि उरलेल्या निम्म्या भागाला हातही लावत नाही. तो पुढच्या कुंडीबदलाच्या वेळी. नंतर कुंडीच्या छिद्रांतून वर घेतलेल्या तारेने झाड घट्ट बांधतो आणि बुंधा धरून हलवून पाहतो. झाड हलले आणि कुंडी जागेवर राहिली, तर बांधणी पुन्हा करतो. सैल झाड वाऱ्याने डुलत राहिले की नवी तंतुमुळे तुटतात, हे त्याने मला न विचारता समजावून सांगितले. नव्या मिश्रणात चाळलेला विटांचा चुरा आणि प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) जास्त व सेंद्रिय भाग थोडाच असतो. हेच मिश्रण दर्शनी फळीवरच्या झाडांना का वापरत नाहीत, हे मला कळत नाही.

छाटणीतही त्यांची समज दिसते. शेंडे नखाने खुडत बसण्याची जुनी पद्धत ते वापरत नाहीत, कारण ज्युनिपरचा जोर वाढत्या शेंड्यांतच असतो आणि सरसकट खुडणीने झाड दुबळे होते. रेषेबाहेर गेलेल्या डहाळ्या तेवढ्या कात्रीने आतून कापल्या जातात. जोरदार छाटणी झाली, की खवल्यांसारखी प्रौढ पाने सोडून झाड पुन्हा कोवळ्या वयातील सुईसारखी पाने काढू लागते आणि ती जायला बराच काळ लागतो. त्यामुळे मोठे फेरबदल ते एका वर्षात उरकत नाहीत. पाने पूर्ण काढलेल्या जुन्या फांदीवर ज्युनिपर सहसा पुन्हा फुटत नाही, म्हणून खोडाजवळची लहानशी डहाळीसुद्धा जपली जाते. घाई करणाऱ्या ग्राहकाला मालक भिंतीवरचे ‘गोशिन’ या प्रसिद्ध बोन्सायचे छायाचित्र दाखवतात. अमेरिकेतील बोन्सायकार जॉन नाका यांनी १९४८ च्या सुमारास सुरू केलेला, पुढे अकरा ज्युनिपरांपर्यंत वाढलेला तो समूह १९८४ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहाला देण्यात आला, म्हणजे मधल्या काळात साडेतीन दशके त्यावर काम चालूच होते.

तक्रारीची जागा पावसाळ्याची आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या शहरात फांद्या झपाट्याने जाड होतात, त्यामुळे तार वेळेवर सोडणे हा या सेवेचा कणा आहे. एका वर्षी ठरलेल्या आठवड्यात माणूस आला नाही, फोन उचलले गेले नाहीत, आणि तो आला तेव्हा डावीकडच्या मुख्य फांदीत तार रुतून सर्पिल वळ उठले होते. तार उलगडून न काढता प्रत्येक वेढ्यावर कापून काढण्याची काळजी त्याने घेतली आणि त्या भेटीचे पैसेही घेतले नाहीत, परंतु वळ अजून दिसतात. तेव्हापासून ऑगस्टची तारीख मी लेखी मागून घेते. मृत लाकडाचे काम, म्हणजे जिन (साल काढून वाळवलेली फांदी) आणि शारी (खोडावरचा साल काढलेला पट्टा), ते हाताच्या अवजारांनी सुबक करतात. मात्र आपल्या हवेत ते लाकूड लवकर कुजते आणि त्यावर कोरड्या दिवसांत लाईम सल्फर (लाकूड टिकवणारे चुना-गंधकाचे द्रावण) पुन्हा लावण्याचे काम करारात धरलेले नाही. ते धरायला हवे.

दोन लहान गोष्टी मात्र त्यांच्याकडून शिकाव्यात अशा आहेत. झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवायची, म्हणजे तळाशी साचलेले पाणी वाहून जाते. आणि मार्चनंतर पालवीखाली पांढरा कागद धरून डहाळी झटकायची. कागदावर ठिपके चालू लागले, तर लाल कोळी ही बारीक कीड लागली आहे.

जायचे असल्यास डिसेंबर किंवा जानेवारीत सकाळी जावे. तेव्हा मागच्या आवारातील रोपे नुकतीच निवडून लावलेली असतात आणि मालकांना बोलायला सवड असते. रविवारी दुपारी गर्दीत फक्त दर्शनी फळीच पाहायला मिळते, त्यामुळे मागचे आवार दाखवा असे स्पष्ट सांगावे. वार्षिक करार करताना पावसाळ्यातील तारतपासणीच्या तारखा पावतीवर लिहून घ्याव्यात.