व्हाइटरिव्हर की सॅन कार्लोस: अपाची रिझर्व्हेशनवर डॉक्टर म्हणून काम करायचं तर कुठे?

दोन्ही अ‍ॅरिझोनातच, अमेरिकेतल्या मूळ रहिवासी अपाची लोकांच्या राखीव प्रदेशांत (रिझर्व्हेशन), पण फरक बराच आहे. व्हाइटरिव्हरचं हॉस्पिटल थेट इंडियन हेल्थ सर्व्हिसचं (मूळ रहिवाशांसाठीची अमेरिकन केंद्र सरकारची आरोग्यसेवा), म्हणजे फेडरल नोकरी, सरकारी पगार आणि पेन्शन, अमेरिकन नागरिकत्व लागतंच जवळपास. सॅन कार्लोसचं पेरिडॉटमधलं हॉस्पिटल ट्राइब (तिथली अपाची जमात) स्वतः चालवते, 1975 च्या कायद्यामुळे ते शक्य झालं, त्यामुळे भरती, पगार सगळं तिथलेच लोक ठरवतात. व्हिसावर असलेल्या आपल्या डॉक्टरांनी आधी इथेच विचारावं. लायसन्स कुठल्याही राज्याचं दोन्हीकडे चालतं.

व्हाइटरिव्हर डोंगरात, थंडीत बर्फ पडतो. सॅन कार्लोस खाली, कडक उन्हाळा, पण ग्लोब गाव जवळ.

काम मात्र दोन्हीकडे डोळे उघडणारं. कुत्र्यांवरच्या गोचिडांमुळे रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर होतो, ताप आलेलं पोर आलं आणि याची शंका असली की रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक सुरू करायचं, उशीर झाला तर जीव जातो. 2020 मध्ये कोविडच्या साथीत व्हाइटरिव्हरच्या टीम घरोघरी जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या, ऑक्सिजन उतरलेले लोक दम लागायच्या आधीच सापडले.

मला विचाराल तर नवख्याने व्हाइटरिव्हर घ्यावं, घरोघरी जायची ही पद्धत शिकायला मिळेल. दहा वर्षं राहायची तयारी असेल तर सॅन कार्लोस, कारण तिथे निर्णय पेशंटच्याच समाजाच्या हातात आहेत आणि मला ते फार मोलाचं वाटतं.