सहा फुटी घडीचा रॅम्प, दीड वर्ष डिकीत घालून फिरवल्यावर

आधीच सांगते, मी स्वतः व्हीलचेअरवर नाही. मी वकील, इंदूरलाच प्रॅक्टिस, आणि माझ्याकडची निम्म्याहून जास्त कामं दिव्यांग लोकांची असतात, कुणाचं सर्टिफिकेट अडकलंय, कुणाला अपघातानंतर नोकरीवरून घरी बसवलंय, कुणाची पेन्शन बंद झालीये. त्यामुळे हा रिव्ह्यू रॅम्प उचलणाऱ्या बाईचा आहे असं समजून वाचा, चढणाऱ्यांची मतं मी विचारून विचारून मध्ये घातलीयेत.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एक तर चार कंपन्या हाच माल वेगवेगळं स्टिकर लावून विकतात, आणि दुसरं म्हणजे खाली मी त्याची खोडी काढणार आहे आणि मला स्वतःच्याच नावाची नोटीस नकोय. वस्तू अशी: अ‍ॅल्युमिनियमचा, सहा फूट लांब, साधारण २८ इंच रुंद, घडी केला की तीन फुटांची जाडजूड सूटकेस होते. वजन १६ किलो. मधली पिन काढली की उभे दोन भाग होतात, आठ-आठ किलोचे, ही सगळ्यात कामाची गोष्ट. २४,००० ला पडला, हो महाग आहे, घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या एवढ्यात तर फ्रीज आला असता.

घेतला का तर माझं ऑफिस रामबागेकडच्या एका जुन्या घरात, तळमजल्यावर, ओट्याला फक्त एक पायरी, साडेपाच इंचाची. एवढीशी. ती मला कधी दिसलीच नव्हती हे कबूल करते. क्लायंट आले की आमचे मुंशीजी, म्हणजे ऑफिसचे कारकून, आणि समोरच्या गुमटीवरचा, म्हणजे टपरीवरचा, पोऱ्या मिळून व्हीलचेअर उचलायचे, आणि आम्हाला सगळ्यांना वाटायचं की आपण किती मदत करतोय. मग एक रिटायर्ड मास्तर आले, काका म्हणते मी त्यांना, पॅरालिसिस झालेले, त्यांना असंच उचललं तर वर आल्यावर शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही मला आत आणलंत, पण पोत्यासारखं आणलंत." त्यानंतर बॅटरीवाली व्हीलचेअर घेऊन एक मुलगा आला, मस्क्युलर डिस्ट्रॉफीवाला, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार, ती खुर्ची त्याच्यासकट उचलायची तर चार जण हवेत, त्याच्याशी पहिली मीटिंग आम्ही रस्त्यावर उभं राहून केली, त्याच्या केसची सगळी खाजगी माहिती येणाऱ्या-जाणाऱ्याने ऐकली.

त्याआधी लोहामंडीतून चेकर्ड प्लेटचा लोखंडी बनवून घेतला होता, स्वस्त पडला, पण दोन माणसांशिवाय हलत नाही. आता त्यावर कुंड्या आहेत.

आता मुद्द्याचं, म्हणजे उतार. हे नीट वाचा कारण इथेच सगळे फसतात. नियमाचा हिशोब १ ला १२ आहे, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे सहा फुटी रॅम्पवर फक्त सहा इंच चढता येतं, बस. माझ्या बॉक्सवर मात्र मोठ्या अक्षरात छापलंय "१२ इंचापर्यंत उपयुक्त", आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात की हे रिकाम्या व्हीलचेअरसाठी. रिकामी! मग माणूस काय मागून चालत येणार? दोन पायऱ्या म्हणजे तेरा-चौदा इंच, त्याला तेरा-चौदा फूट हवेत, तिथे हा लावायचाच नाही. मी एकदा लावला, एका जुन्या वाड्याच्या दाराशी, काकूंना वर ढकलताना माझे पाय घसरायला लागले आणि खुर्ची मागे यायला लागली, त्यांच्या मुलाने धरली म्हणून. तेव्हापासून पर्समध्ये मेझरिंग टेप असतो, लिपस्टिक नसली तरी चालते.

सहा इंचाच्या आत मात्र, खरं सांगते, जादू आहे. मास्तर काकांना घेऊन एकदा सकाळी पोहे खायला गेलो, दुकानाला पाच इंचाची पायरी. मी डिकीतून काढला, दोन भाग टाकले, पिन लावली, खण्ण असा आवाज झाला आणि सगळं दुकान वळून बघायला लागलं, कढईवाला झारा हातात तसाच धरून. काका स्वतः चाकं फिरवत वर गेले. कुणाचा हात नाही लागला. आत जाऊन म्हणाले जिरावन, म्हणजे पोह्यांवरचा आमचा इंदुरी मसाला, जास्त टाक, आणि जिलबी गरम असेल तरच दे. एवढंच. पण मला माहितेय ते चार वर्षांनी दुकानाच्या आत बसून खात होते, नाहीतर पोहे गाडीत आणून देतात, पेपरच्या पुडीत, गार झालेले. निघताना दुकानदाराने विचारलं, "मैडम, ये कहाँ मिलता है?" म्हटलं तुमची पायरी पाच इंचाची आहे, पाच फूट सिमेंट टाका, विकत घ्यायची गरजच नाही. हसला. अजून टाकलेलं नाही. २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत पहिला नंबर आमच्या गावाचा, कचऱ्याची गाडी दारोदार गाणं वाजवत येते, पण व्हीलचेअर फुटपाथवर चढेल तर शपथ.

बरं, दुकानदाराला मी नुसतं प्रेमाने सांगितलं, पण कायद्यात तोही येतो. २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा, त्यात "सार्वजनिक इमारत" म्हणजे फक्त सरकारी नाही, लोक ये-जा करतात अशी खाजगी जागासुद्धा. आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या असं लिहिलंय, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. पहिल्या वेळी दंड दहा हजारांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. ऐकायला भारी वाटतं ना. दंड झालेला माणूस भेटला की मी त्याला पोहे खाऊ घालेन.

आता या रॅम्पची खरी गोष्ट, जी बॉक्सवर नाही.

एक सरकारी दफ्तर आहे, कुठलं ते सोडा. प्लिंथ, म्हणजे जोतं, १८ इंचाची, पुढून तीन पायऱ्या. मागून, टू-व्हीलर स्टँड आणि जनरेटरच्या मधून, एक दार आहे जिथे सहा इंचाचीच पायरी. त्या बॅटरीवाल्या मुलाला घेऊन आम्ही तिथे तीन-चार वेळा गेलो, माझा रॅम्प लावला, आत गेलो, तासभर रॅम्प तिथेच. मग आम्ही त्याच दफ्तराविरुद्ध राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार टाकली, भोपाळला, की इथे जायला रस्ता नाही. दफ्तराचा जवाब आला. त्यात लिहिलेलं, कार्यालयात रॅम्पची सुविधा उपलब्ध आहे, छायाचित्र संलग्न. मी छायाचित्र बघितलं.

माझा रॅम्प.

कुठली बाजू वर हे कळावं म्हणून मी त्याच्या एका कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, तो ठिपका फोटोत दिसत होता. आणि कडेला आमच्या मुंशीजींचा पाय, चपलेसकट. मी आधी अर्धा तास हसले, मग चिडले, मग खरेदीचं बिल शोधून काढलं आणि प्रत्युत्तराला जोडलं. मुंशीजी म्हणत होते चप्पलपण जोडू का.

पण त्या रात्री झोप लागली नाही मला, कारण गंमत सोडली तर चूक माझीपण होती. मी दर वेळी रॅम्प घेऊन जायचे, त्यांची अडचण संपायची, ते निवांत. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी केसमध्ये हेच सांगितलंय, पिटिशन २००५ ची बघा, दृष्टिहीन माणसाने केलेली, एकोणीस वर्षं. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्यात, एक म्हणजे सुगमता, ती कुणी दारात येण्याच्या आधीपासून असायला हवी, सगळ्यांसाठी. दुसरं म्हणजे एखाद्या माणसाच्या गरजेप्रमाणे त्याला करून दिलेली वाजवी सोय. पहिली नसली तर दुसरीवर भागवता येत नाही. आणि सरकारने जे मानक नियमात घातले होते ते नुसते सल्ल्यासारखे झालेत म्हणून तो नियम १५ चा भागच रद्द केला, सक्तीचे नियम बनवा म्हणाले. माझा डिकीतला रॅम्प म्हणजे दुसरी गोष्ट, आणि फोटोत तो पहिली म्हणून उभा होता. हे मी कोर्टात भाषण देताना शंभर वेळा बोललेय, पण स्वतःचा नेलपॉलिशचा ठिपका बघितल्यावर कळलं.

तेव्हापासून नियम केलाय: लग्न, मुंज, दुकान, कुणाचं घर, तिथे रॅम्प येतो. सरकारी दफ्तरात नेला तर आधी रॅम्पशिवायच्या पायऱ्यांचा फोटो तारखेसकट, मग आत गेल्या गेल्या लेखी अर्ज की आम्ही आमचा रॅम्प आणलाय कारण तुमच्याकडे नाही, पावती घ्यायची, आणि काम झालं की दोन मिनिटांत उचलायचा. तासभर सोडायचा नाही.

त्या दफ्तराने शेवटी मिस्त्री लावला. मी बघायला गेले तर १८ इंचाला आठ फुटांत रॅम्प ओतलेला, वर छान पिवळा पट्टा. मी पाण्याची बाटली आडवी ठेवली वर, ती सुटली ती थेट गेटपर्यंत, गार्डने पायाने अडवली. मिस्त्री म्हणाला, "भिया, जगह ही इतनी है।" म्हटलं वळवा. तोडला, आता वळण घेऊन १८ फूट झालाय, मध्ये सपाट जागा, दोन्हीकडे रेलिंग. बॅटरीवाला मुलगा पुढच्या दाराने गेला. काम झालं नाही त्याचं त्या दिवशी, साहेब रजेवर होते.

तर खोड्या. बिजागरीत बोट सापडतं, माझं एक नख दोन महिने काळं होतं. मे महिन्यात डिकीतून काढताना हात भाजतो, जुना टॉवेल ठेवा. वरचा खरखरीत थर, सँडपेपरसारखा असतो तो, घडीच्या रेषेवर वर्षात उडाला, पावसाळ्यात तिथे चाक हलकंसं सरकतं, मी सायकलवाल्याकडून खरखरीत टेप आणून चिकटवला. पिन हरवते, हरवणारच, माझी कोर्टाच्या पार्किंगमध्ये हरवली, कंपनीने सुटी देत नाही सांगितलं, सियागंजातून त्याच मापाचा बोल्ट आणला तो जास्त चांगला बसलाय. बॅटरीवाल्या खुर्चीची मागची छोटी चाकं खालच्या कडेला अडकतात, तिथे रबरी मॅट टाकायची. आणि छोट्या गाडीत मागची सीट पाडावी लागते, म्हणजे व्हीलचेअर, रॅम्प आणि तीन माणसं एका गाडीत, विसरा.

आणि एक, रॅम्प म्हणजे सगळं नाही हे त्या लोकांसाठी जे मला म्हणतात आता तुझ्या केसेस संपल्या असतील. आमच्याच मध्य प्रदेशात दृष्टिहीन उमेदवारांना जज होता येत नाही असा नियम होता, ६अ, एका आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तो उडवला. त्या पोरांना माझ्या अ‍ॅल्युमिनियमचा काय उपयोग, त्यांना स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचता येणारी फाईल हवी, आणि आपण अजून तिरके स्कॅन केलेले कागद दाखल करतो, मीसुद्धा.

घ्यावा का? घरच्या दाराला एक पायरी असेल तर घेऊ नका, सिमेंट टाका. भाड्याचं घर असेल, घरमालक ऐकत नसेल, किंवा माझ्यासारखं दारोदार फिरायचं असेल तर घ्या, सहा फुटीच घ्या, पाच फुटी स्वस्त मिळतो पण मग पाच इंचच. मोहल्ल्यातले चार-पाच जण मिळून घेतला तर सगळ्यात बरं, तसाही रोज लागत नाही. पाचपैकी चार स्टार, एक त्या मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांसाठी कापला.

सध्या रॅम्प माझ्याकडे नाहीये. लोकमान्य नगरात मुंज आहे, मुलाचे आजोबा व्हीलचेअरवर, कार्यालयाला साडेपाच इंचाची पायरी, मोजून घेतलीय. बोल्ट वेगळ्या पिशवीत बांधून दिलाय आणि दोनदा सांगितलंय की हरवू नका.