मंदीत स्वस्तात मिळालेलं 'अस्सल' पोस्टर

जुनी सिनेपोस्टरं घेणाऱ्यांनो, विशेषतः नागपूर-वर्धा-अमरावतीकडच्यांनो, व्यवहार करण्याआधी हे वाचा.

2020 ची दिवाळी तोंडावर होती. कोरोनामुळे मंदी, थिएटरं मार्चपासून बंद. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, मे महिन्यातच 4 टक्क्यांवर आलेला, त्यामुळे ठेवींवर व्याज कसलं, नुसती चिल्लर. 'पैसा जुन्या वस्तूंत गुंतवा' सांगणाऱ्यांचं पेवच फुटलं होतं. मी जुन्या सिनेमांच्या गाण्यांच्या पुस्तिका जमवतो हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तेवढ्यावरून एकाने माझा नंबर मिळवला.

त्याची गोष्ट पक्की होती. तालुक्याचं थिएटर बसलं, मालक कर्जात, गोदामात बापाच्या काळचा माल. आपल्याकडे हे पटण्यासारखंच आहे. सी.पी.-बेरार सर्किटच्या, म्हणजे विदर्भ आणि आसपासच्या सिनेवितरण विभागाच्या, वितरकांची ऑफिसं अमरावतीत असायची, पोस्टरांचे गठ्ठे तिथूनच गावोगाव जायचे.

नागपूरच्या सदर भागात भेटला, दिवेलागणीला. तोंडावर मास्क, त्यामुळे चेहरा आजही मला सांगता येणार नाही. आधी चार पुस्तिका काढल्या, अस्सल आणि स्वस्त. विश्वास बसला तो तिथे. मग 'मुघल-ए-आझम'चं पोस्टर, 30 बाय 40 इंच, प्लॅस्टिकच्या कव्हरात.

"हात नका लावू काका, कागद ठिसूळ आहे. मालकाची बायको दवाखान्यात आहे, नाही तं कोण विकते असा माल? उद्या मुंबईची पार्टी येऊन राहिली."

मोबाइलवर परदेशी साइटवरचा भाव दाखवला. तो मागितलेला भाव होता, विकल्या गेलेल्याचा नव्हे. सौदा 18 हजारांवर ठरला. थोडे यूपीआयने, बाकी रोख.

घरी कव्हर काढलं. जुनी पोस्टरं थिएटरला घडी करून यायची. त्या घडीवर शाई तडकते, आतला पांढरा कागद उघडा पडतो आणि नख फिरवलं की अडकतं. इथे पांढरी रेघ दिसत होती, पण नख सरळ घसरत गेलं. घडीचा फोटोच छापला होता! कोपऱ्यातला चहासारखा डागही छापलेला. भिंगाखाली ऑफसेटचे, म्हणजे छापखान्यातल्या छपाईचे, रंगीत ठिपके शिस्तीत बसलेले दिसतात. इथे शाईचा नुसता शिंतोडा, म्हणजे इंकजेट, कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर काढलेलं.

कळस म्हणजे तळाला छापखान्याचा पत्ता, त्यात सहा आकडी पिनकोड. सिनेमा 1960 चा. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. म्हणजे नक्कल तर होतीच, तीही पहिल्या प्रदर्शनाच्या पोस्टरची नव्हे, नंतर पुन्हा लागला तेव्हाच्या पोस्टरची. तसलं अस्सल मिळालं तरी त्याला पहिल्याचा भाव येत नाही.

फोन केला तर म्हणे, "माल पाहून घेतला न तुम्ही?" आणि ब्लॉक. यूपीआयचं खातं भलत्याच माणसाच्या नावावर. ऑनलाइन गेलेल्या पैशासाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरवर तक्रार घेतात, पण ती लगेच करावी लागते. रोख रकमेची पावती नव्हती, त्यामुळे ठाण्यात त्या भागावर कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

माझं मत विचाराल तर मंदीत खरी दुर्मीळ पोस्टरं उलट कमीच बाहेर येतात. ज्यांच्याकडे आहेत ते बाजार सुधारायची वाट बघतात. भरमसाट येतो तो मामुली माल. म्हणून दवाखाना, कर्ज आणि 'उद्याची पार्टी' एकाच दमात ऐकू आली तर पोस्टर दिवसाउजेडी, कव्हराबाहेर मागा. नाही म्हणाला तर चालू पडा.

पुढे वर्ध्याच्या एका संग्राहकाने त्याच्या पोस्टरचा फोटो पाठवला. डाग त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचा. त्याला मात्र थिएटरऐवजी 'आजोबांची पेटी' सांगितली होती.

आता मला फसवणारा तोच गडी 'शोले'चं पोस्टर विकतोय असं कळलं. तो सिनेमा 1975 चा, त्यावर पिनकोड असला तर बरोबरच असेल. तिथे पत्ता बघून काही कळायचं नाही. नख आणि भिंगच वापरा.