जुना पीसी, अडलेला सेटअप: आहे तेच विंडोज ठेवावं, १० टाकावं की मिंट?

दहा-बारा वर्षांच्या पीसीवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होईना की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो फॉरमॅट मारा, दुसरा म्हणतो भंगारात द्या. दोघांनीही स्क्रीनवर आलेला एरर नीट वाचलेला नसतो. एररचे मुळात दोनच प्रकार असतात. काही किरकोळ बिघाडाचे, अर्ध्या तासात सुटणारे. काही मात्र सरळ सांगतात की या सिस्टीमचा काळ संपला. आपला एरर यातला कोणता, हे कळल्याशिवाय पुढची तुलना करण्यात अर्थ नाही.

आधी किरकोळ प्रकार. घड्याळ बघा. खाली उजव्या कोपऱ्यात २००९ किंवा २०१२ साल दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल गेलाय. आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते, शिवाय लाइटही जाते. भिंतीतून करंट येत असतो तोवर घड्याळ चालतं, करंट तुटला की तारीख मागे पळते. मग ब्राउझर सर्टिफिकेट चुकीचं म्हणून साइट उघडत नाही, आणि ऑनलाइन डाउनलोड करत पुढे जाणारा सेटअप मधेच लटकतो. सेल किराणा दुकानातही मिळतो. तो बदला, तारीख लावा, मग पुढचं बोला.

‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’ असं आलं तर कारणं दोन-तीन असू शकतात. विंडोज ३२ बिटचं आणि सेटअप ६४ बिटचा, किंवा प्रोग्राम या विंडोजच्या मानाने फारच नवा. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबी पुरवून वापरणाऱ्या घरात तिसरंच कारण पुष्कळदा निघतं: फाइल अर्धीच उतरलेली असते. ‘मामा, फाइलची साइज बघा बरं आधी,’ एवढ्यावर काम भागतं.

‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल मिसिंग’ दिसलं, म्हणजे प्रोग्रामला लागणारी एक मदतनीस फाइल (डीएलएल) सापडली नाही, की लोक ती एकटी डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टीममध्ये टाकतात. तसं करू नका, व्हायरस घरात येण्याचा तो राजमार्ग आहे. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल हे पॅकेज टाका. विंडोज ७ वर न सापडलेल्या फाइलचं नाव ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होत असेल तर सर्व्हिस पॅक १ आणि केबी२९९९२२६ हा अपडेट लागतो. एररचा नंबर १६१८ असेल तर मागे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. थांबा किंवा रिस्टार्ट करा. १६०३ हा मात्र गुळमुळीत एरर. परवानगी नाही, जुन्या आवृत्तीचे अवशेष उरलेत, मागचं इन्स्टॉलेशन लाइट गेल्याने अर्धवट राहिलंय, काहीही असू शकतं. जुनी आवृत्ती काढा, टेम्प फोल्डर साफ करा, रिस्टार्ट करून सेटअपवर राइट क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवा.

एवढं करूनही ‘या सॉफ्टवेअरला विंडोज १० किंवा पुढचं लागतं’ असा निरोप येत असेल तर तो दुसरा प्रकार. तिथे डोकेफोड करून उपयोग नाही. खरी निवड इथून सुरू होते: आहे तेच विंडोज, विंडोज १०, की विंडोजच्या जागी टाकायची लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम.

आहे तेच विंडोज ठेवणं

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. क्रोमची १०९ ही या दोघांसाठीची शेवटची आवृत्ती, फायरफॉक्सची ११५ ही शेवटची मालिका. त्यामुळे बँक, परीक्षेचे फॉर्म, सरकारी पोर्टल यांसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. काही साइट आज चालतात, उद्या चालतीलच असं नाही, आणि सुरक्षेच्या नावाने तर शून्यच.

तरी एका माणसासाठी हाच मार्ग बरोबर आहे. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, बिलबुकं, हॅन्डबिलं छापणारा. त्याच्याकडे पानं मांडायचं पेजमेकर आहे, मराठी टायपिंगचं श्रीलिपी आहे, मशीनला सॉफ्टवेअरचं लॉक (ज्याच्याशिवाय ते चालत नाही) खोचलेलं आहे आणि वीस वर्षांच्या फाइली आहेत. जुन्या सॉफ्टवेअरपैकी काहींचे सेटअप १६ बिटचे असतात. ते ६४ बिट विंडोजवर उघडतसुद्धा नाहीत, ३२ बिटवर बिनबोभाट चालतात. अशा मशीनची नेटची वायर काढून ठेवा, फाइलींची दुसरी प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि तिला हात लावू नका. नेटचं काम मोबाइलवर किंवा दुसऱ्या मशीनवर करा. चालत्या गाड्याला खीळ घालू नये.

विंडोज १० आणि एसएसडी

बहुतेक घरं इथे वळतात, आणि वेगाच्या बाबतीत फरक खरोखर जाणवतो. त्याचं श्रेय विंडोजला कमी, एसएसडीला, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान चिपवाल्या डिस्कला, जास्त. जुन्या बोर्डावरच्या साटा पोर्टलाही (हार्डडिस्क जोडतात त्या जागेला) साधी अडीच इंची एसएसडी बसते. पूर्ण वेग मिळत नाही, पण जुन्या हार्डडिस्कपुढे ती पळतेच. रॅम ४ जीबीपेक्षा कमी असेल तर आधी ती वाढवा. डीडीआर३ प्रकारची रॅम जुन्या बाजारात मिळते, त्याआधीची डीडीआर२ शोधावी लागते आणि त्या मानाने महाग पडते.

मेख मुदतीत आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर केलेली जादा सुरक्षा-अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची, तीही नाव नोंदवलं आणि आवृत्ती २२एच२ असेल तरच. लायसन्सचंही बघा. विंडोज ७ चा लायसन्स नंबर (प्रॉडक्ट की) १० ला लावायची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. दुकानदार ‘ॲक्टिव्हेट करून देतो, टेन्शन घेऊ नका’ म्हणाला तर तो बहुधा क्रॅक टाकणार आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद करणार. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार, तिथे हे चालवून घेऊ नका.

मग थेट ११ का नाही? अधिकृतपणे त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. यूट्यूबवर पळवाटा भरपूर आहेत, पण २४एच२ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओसारख्या चिपवर ते बूटच होत नाही, कारण तिला लागणारी पॉपसीएनटी ही सूचना त्या चिपमध्ये नाही.

लिनक्स मिंट

पैसे लागत नाहीत, लायसन्सची कटकट नाही, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. रॅम कमी असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. किमान २ जीबी सांगतात, ४ असली तर बरं. चिप ६४ बिट हवी, पण २००८-०९ नंतरच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती असते. विंडोज ३२ बिटचं दिसलं म्हणून चिपही ३२ बिटची असेल असं धरून चालू नका.

मला सगळ्यात आवडते ती गोष्ट वेगळीच: पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघता येतं, हार्डडिस्कला धक्का न लावता. वायफाय सापडतंय का, आवाज येतोय का, प्रिंट निघतेय का, सगळं आधीच कळतं. पेनड्राइव्ह विंडोज ७ वरच बनवणार असाल तर पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रुफस या प्रोग्रामची ३.२२ ही आवृत्ती घ्या. नवं रुफस ७ वर चालत नाही. म्हणजे इन्स्टॉलेशनचा एरर सोडवायला निघालात तर पहिला एरर तिथेच भेटतो!

मिंट कुठे अडतं? टॅली विंडोजसाठीच आहे. डिजिटल सहीचं टोकन, अंगठा घेणारं बायोमेट्रिक मशीन यांचे ड्रायव्हरही आधी विंडोजचा विचार करून बनतात. वाइन या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरमधून काही विंडोज प्रोग्राम चालतात, पण धंद्याचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नका. सेतू केंद्र चालवणाऱ्याने, जीएसटीचं काम करणाऱ्याने इकडे वळू नये. लातूरला शिकणारं पोरगं सुट्टीत घरी येऊन व्हिडिओ लेक्चर बघणार, पीडीएफ वाचणार, फॉर्म भरणार असेल तर मात्र मिंट पुरून उरतं.

प्रिंटर आणि मराठी टायपिंग

निवड बहुतेकदा या दोन गोष्टींवर पक्की होते आणि लोक त्या सगळ्यात शेवटी तपासतात. कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून घरांपर्यंत पसरलाय. विंडोज १० वर तो चालतो, लिनक्सवर कॅननचा ड्रायव्हर बसवताना घाम काढतो. एचपी लेझरजेट १०२० ला मिंटवर एचपीचं प्लगइन उतरवावं लागतं, मग तो मुकाट्याने काम करतो. एलबीपी २९०० घरात असेल आणि रोज प्रिंट लागत असेल तर मी विंडोज १० च म्हणेन.

मराठीचं चित्र थोडं वेगळं आहे. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डचा लेआउट शिकलेल्याला तिन्हीकडे सारखंच; लेआउट आधीपासून दिलेला असतो, फक्त निवडायचा. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना विंडोज १० सोयीचं, कारण मे २०१९ च्या अपडेटपासून त्यात मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. मिंटवर त्यासाठी आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं टाकावी लागतात. कृतिदेवचा फॉन्ट मिंटवर बसतो आणि जुनी फाइल वाचता येते, पण श्रीलिपीचं टायपिंग तिथे होणार नाही.

चौथा पर्याय ऑफिसातून निघालेला जुना पीसी घेण्याचा. चिप आठव्या पिढीची असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. मदरबोर्डचे कपॅसिटर फुगलेले दिसले किंवा मशीन चालता चालता बंद पडत असेल, तर वरचे तिन्ही मार्ग सोडून हाच घ्या. तिथे सॉफ्टवेअरवर पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

काहीही ठरलं तरी विंडोज १० ची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, साधारण पाच-सहा जीबीची आणि मिंटची तीनच्या आसपास असते, तेव्हा डाउनलोड ब्रॉडबँड असलेल्याकडे जाऊन करा. इन्स्टॉल करताना यूपीएसची बॅटरी धड आहे ना बघा. जून-जुलैत दुपारनंतर आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी सुरूच करू नका, सकाळी करा.